नाही म्हणून दाखवा

सरांच्या स्टुलाचे पाय कापलेले होते. इस्पितळाच्या सुताराकडून त्यांनी ते मुद्दाम कापून घेतले होते, आणि दर वेळी बसून पाहून "अजून थोडं" म्हणत राहिले होते. शेवटी सुतार वैतागला. "सर, आता हे स्टूल राहिलं न्हाई. पाट झाला की ह्याचा." सर त्यावर बसले, त्यांचे गुडघे छातीशी आले, आणि ते समाधानानं म्हणाले, "आता बरोबर झालं."

ते स्टूल बगलेत मारून सर वॉर्डावॉर्डांतून हिंडायचे. रुग्ण खाटेवर आणि सर खाली, त्याच्या पायांशी. एवढा उंच, हाडकुळा माणूस अशी घडी घालून बसला की बसलेल्या उंटासारखा दिसायचा. नर्स तोंड फिरवून हसायच्या. रुग्ण मात्र घाबरायचे. डॉक्टर आपल्यापेक्षा खाली बसलाय हे त्यांना सोसायचं नाही. कितीतरी जण खाटेवरून उतरून जमिनीवर बसायला बघत. मग सर ओरडायचे, "वर बसा, वर बसा! मला मान वर करून बोलायची सवय होऊ द्या!"

आमचं इस्पितळ एका विद्यापीठाला जोडलेलं होतं, त्यामुळे उपचारांबरोबर संशोधनही चालायचं. आमच्या छातीच्या विभागात दम्याचं नवं औषध, डोळ्यांच्या विभागात नवे थेंब, त्वचेच्या विभागात एखादं मलम. औषध दुकानात येण्याआधी ते माणसांना देऊन पाहावं लागतं आणि त्यासाठी त्या माणसांची संमती लागते. अभ्यास कुठल्याही विभागाचा असो, संमतीचं बोलणं सरांनीच करायचं असा आमच्याकडे नियम होता. तो नियमही त्यांनीच भांडून करून घेतला होता, आणि त्यासाठी वेगळा संमती कक्षही. मूळचे ते मेडिसिनचे प्राध्यापक. मी छातीच्या विभागात, त्यांच्याहून काही वर्षांनी धाकटा. आमच्या विभागाचे अभ्यास बरेच असल्यामुळे त्यांच्याबरोबर मी सर्वांत जास्त बसलो. ते बोलायचे, मी लिहायचो आणि खाली सही करायचो.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. सर गेले त्यालाही काही वर्षं झाली. त्यांच्या अंत्ययात्रेत माझ्या मागं दोन डॉक्टर चालत होते. त्यांतला तरुण हळूच म्हणाला, "हेच ना ते, ज्यांच्या हलगर्जीपणामुळे पेशंट गेला होता?" दुसरा म्हणाला, "हां, तेच." मी मागं वळून पाहिलं नाही. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितो आहे.

सरांची पद्धत अशी होती. औषध काय आहे, त्यात धोका काय, कधीही सोडून जाता येईल, सोडलं तरी उपचार तसेच मिळतील, हे सगळं सांगून झालं की ते शाईच्या पेनाचं टोपण काढायचे आणि म्हणायचे, "आता मला एकदा नाही म्हणून दाखवा."

रुग्णाला वाटायचं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

डोळ्यांच्या विभागात जेऊरहून आलेले एक म्हातारे शेतकरी होते. त्यांच्याबरोबर झालेलं बोलणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"कसं म्हनू साहेब?"

"तोंडानं म्हणा."

"तुमी म्हनाल तसं की. तुमाला काय न्हाय म्हनायचं?"

"तेच तर नको आहे मला. आता बघा, मी म्हणतो, मामा, हे थेंब डोळ्यांत घाला. तुम्ही म्हणा, नाही घालत."

"घालतो की."

"नाही घालत, म्हणा!"

"आवो पर घालायलाच आलोय न्हवं मी जेऊरवरनं!"

शेजारच्या खाटांवरचे लोक उठून बसले. म्हाताऱ्याचा मुलगा मध्ये पडला, "म्हना की आबा, साहेब म्हनतायत तर म्हना." सर त्याच्यावर उखडले. "साहेब म्हणतायत म्हणून म्हटलं तर त्याला काय अर्थ आहे?" असा घोळ बराच वेळ चालला. शेवटी म्हातारा लालबुंद झाला आणि ओरडला, "न्हाय घालत जा! काय करशील?"

सरांनी टाळी वाजवली. खरोखरच वाजवली, लहान मुलासारखी. मग पुन्हा गंभीर होऊन विचारलं, "आता सांगा मामा. खरं खरं. घालणार थेंब?"

म्हातारा मुलाकडं बघत म्हणाला, "आता इचार करावा लागंल." आणि विचार करून तो दुपारच्या गाडीनं जेऊरला निघून गेला. जाताना सरांनी त्याच्या चपला दारापर्यंत आणून दिल्या. डोळ्यांच्या विभागाचे प्रमुख पुढं कित्येक दिवस सरांशी बोलत नव्हते.

चाचणीत येणाऱ्या माणसांना आम्ही कागदोपत्री सहभागी म्हणायचो. सर त्यांना पाहुणे म्हणत. "आज कोण पाहुणे आहेत?" हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न. "पाहुणा उठून जातो म्हणाला तर आपण दार लावून घेतो का? चपला पुढं करतो." हे ते इतक्यांदा म्हणत की शिकाऊ डॉक्टर त्यांच्या पाठीमागं नक्कल करायचे.

आणि नाही ऐकल्यावर काय करायचं ह्याचेही त्यांचे नियम ठरलेले. पेनाला टोपण लावायचं. हात जोडायचे. उठायचं. कारण विचारायचं नाही. हे शेवटचं त्यांनी मला एकदा फार रागानं शिकवलं. त्वचेच्या विभागातली अक्कलकोटकडची एक बाई "ब्याड" म्हणाली होती आणि मी सहज विचारलं, "का हो आक्का?" बाहेर व्हरांड्यात आल्यावर सर माझ्यावर तुटून पडले. "कारण विचारलंस की ती कारण शोधायला लागते. नाही सापडलं की लाजते. आणि लाजली की हो म्हणते. तुला नकार दिला होता ना तिनं? मग घ्यायचा आणि निघायचं. वकिली कसली करतोस?"

ब्याड म्हणजे कानडीत नको. सोलापुरातल्या सगळ्या भाषांतले नकार सरांनी शिकून घेतले होते. त्या भाषांतलं बाकी त्यांना काही यायचं नाही, पण नकार मात्र अगदी तिथल्या माणसासारखा कानात भरलेला. खेड्यातल्या माणसाचं नगं, कानडी ब्याड, विणकरांच्या तेलुगूतलं वद्दु. शहरातल्या मुसलमान बायकांचं नक्को त्यांना सर्वांत आवडायचं. "ह्या नक्कोला कडा आहे बघ," म्हणायचे, "बाकीचे नकार विनंती करतात. हा दार लावतो." प्रसूतीच्या वॉर्डात त्यांचं नावच नक्को डॉक्टर पडलं होतं. ते आत शिरले की एखादी आजी सुनेला म्हणायची, "उठ गे, नक्को डॉक्टर आया. मुँह खोल के बोल, नई तो सोडतेच नई."

आणि मला त्यांनी हे शब्द शिकवले होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ते प्रेमळ वगैरे नव्हते. मृत माणसाबद्दल लिहिताना तसं लिहावंसं वाटतं, पण ते खोटं होईल. ते तिरसट होते. बैठकीत ते कडक भाकरीचे तुकडे कोटाच्या खिशातून काढून चावायचे, आणि कुणी मोठा माणूस बोलत असला की मुद्दाम मोठ्यानं. अधिष्ठात्यांनी एकदा विचारलं, "डॉक्टर, हे बैठकीनंतर खाता येणार नाही का?" सर म्हणाले, "येईल. पण मग तुमचं सगळं ऐकावं लागेल." त्यांच्यामुळे अभ्यास रखडायचे. औषध कंपनीची माणसं पुण्याकडच्या, मुंबईकडच्या इस्पितळांत निघून जायची. विभागप्रमुखांची बढती संशोधनावर अवलंबून असायची आणि सर म्हणजे त्या वाटेतला दगड. घरी त्यांचं कुणी नव्हतं. बायको लवकर गेली होती. संध्याकाळी बरेच डॉक्टर एकमेकांच्या घरी बसायचे, त्यांना कुणी बोलवत नसे. मीसुद्धा नाही.

मीही बढतीची वाट पाहणाऱ्यांतलाच होतो. विभागप्रमुखाची जागा रिकामी व्हायची होती. दम्याच्या नव्या औषधाचा अभ्यास माझ्या नावावर होता आणि तो पूर्ण झाला तर ती जागा माझी, असं अधिष्ठात्यांनी सूचकपणे सांगितलं होतं. एकच माणूस कमी पडत होता.

त्या दिवशी सकाळी मल्लेशम आला. नाव मी बदललं आहे. टॉवेलच्या मागावर काम करणारा, चाळिशीचा, शिडशिडीत. कापसाच्या धुळीनं छाती गेलेली. बरोबर बायको होती, तिला इथं सत्यव्वा म्हणतो. अभ्यासात बसायला तो अगदी योग्य होता. फक्त सर जागेवर नव्हते. वेळापूरचा एक पाहुणा तपासणीला आला नव्हता, त्याला काही झालं की काय हे बघायला ते कुणालाही न सांगता एसटीनं गेले होते. हे त्यांचं नेहमीचं. पाहुणा आला नाही तर ते त्याच्या दारात जायचे.

मी अधिष्ठात्यांना फोन केला. सर उद्या येतील, उद्या करू का, असं विचारलं. ते म्हणाले, "उद्या पाहणीची माणसं येतायत. आज पूर्ण झालेलं दिसायला हवं. तुम्हाला एवढं बोलता येत नाही का रुग्णाशी? एवढी वर्षं ऐकताय ना?"

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

सरांचं स्टूल कोपऱ्यात होतं. मी खुर्चीवर बसलो.

मी सगळं वाचून दाखवलं. वाचून दाखवलं हे खरंच आहे. जुन्या गोळ्या काही दिवस बंद करायच्या, म्हणजे नव्या औषधाचा परिणाम कळतो. मध्ये दम लागला तर हा पंप ओढायचा. फक्त श्वासाच्या तपासणीच्या दिवशी सकाळी पंप ओढायचा नाही, नाहीतर मोजणी चुकते. दम लागलाच तर तपासणी गेली खड्ड्यात, पंप ओढा आणि ताबडतोब या, हे त्या कागदावर होतं. पण कागदावर ते मागच्या पानावर, इतर सूचनांबरोबर होतं आणि मी ते इतर सूचनांसारखंच एका दमात वाचलं.

मल्लेशम म्हणाला, "तुमी म्हणाल तसं साहेब."

सर असते तर इथंच अडले असते. मी कागद पुढं ओढला.

तेव्हा सत्यव्वा नवऱ्याकडं वळली. माझ्याकडं न बघता, खालच्या आवाजात म्हणाली, "वद्दु."

एवढंच. त्यानं हातानं तिला गप्प केलं, जसं डॉक्टरसमोर बायकोला गप्प करतात.

मला तो शब्द कळला होता. चौकशी समितीला हे ठाऊक नव्हतं, माझ्या बायकोला ठाऊक नव्हतं, कुणालाच मी हे सांगितलेलं नाही. मला तो शब्द कळला आणि माझा पेन थांबला. मग मी मनाशी म्हटलं, नकार रुग्णाचा नाही, बायकोचा आहे. कायद्यानं तिला विचारायचं कारण नाही. पुढं मी लिहायला लागलो. मल्लेशमनं सही केली. त्याला सही येत होती, नीट, वळणदार. मी खाली माझी केली.

तपासणीच्या दिवशी सकाळी त्याला उठल्यापासूनच दम लागत होता. सत्यव्वा म्हणाली, पंप घ्या. तो म्हणाला, "आज न्हाई घ्यायचा. साहेबाचं काम बिघडंल." दोघं रिक्षात बसले. सात रस्ता चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली. इस्पितळाच्या दारात आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. पंप त्याच्या शर्टाच्या खिशात होता. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं तो काढून माझ्या हातात दिला आणि मी तो हलवून पाहिला. भरलेला होता.

चौकशी झाली. अधिष्ठाते, बाहेरचे दोन वरिष्ठ डॉक्टर, एक वकील. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर सर. कागदावर सही माझी होती, पण ती तर सगळ्याच कागदांवर असायची.

"रुग्णाला समजावून कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "समजावण्याचं काम सरांकडे असतं."

"ह्या रुग्णाच्या बाबतीतही?"

मी म्हणालो, "पद्धतीप्रमाणे."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो त्यांनी चावला नाही, परत खिशात ठेवला. अधिष्ठात्यांना माहीत होतं की सर त्या दिवशी तिथं नव्हते. त्यांनी माझ्याकडं अजिबात पाहिलं नाही. ते सरांना म्हणाले, "तुमचं काही म्हणणं?"

सर म्हणाले, "कक्ष माझा आहे."

"म्हणजे जबाबदारी मान्य आहे?"

"कक्ष माझा आहे म्हटलं ना."

ते पुरेसं होतं. त्यांच्या विचित्र पद्धतीमुळे रुग्णांचा गोंधळ होतो, नकार वदवून घेण्याच्या नादात महत्त्वाच्या सूचना राहून जातात, असा निष्कर्ष निघाला. मी तो वाचला तेव्हा मला हसू आलं होतं, हेही लिहून ठेवतो. घाबरलेल्या माणसाला सुटल्यावर येतं तसलं हसू.

बाहेर व्हरांड्यात ते मला थांबले होते. मला वाटलं शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या.

"तू मला विचारायला हवं होतंस," ते म्हणाले.

"काय सर?"

"हे अंगावर घेता का, असं." ते शांतपणे बोलत होते, जसं एखाद्या शिकाऊ डॉक्टरला समजावून सांगतात. "माझी नोकरी कितीशी राहिली आहे? तुझी मुलगी लग्नाची आहे. घरी येऊन विचारलं असतंस तर मी बहुतेक हो म्हणालो असतो. थोडा वेळ घेतला असता, पण हो म्हणालो असतो. तू विचारलंच नाहीस."

मी चौकशीच्या कागदांची गुंडाळी करत राहिलो.

"एवढी वर्षं काय शिकलास रे माझ्याबरोबर?" म्हणाले, आणि स्टूल बगलेत मारून निघून गेले. त्यानंतर ते मला तू म्हणाले नाहीत. समोर आलो तर "काय डॉक्टर, बरे आहात?" असं विचारायचे.

त्यांचा कक्ष बंद झाला. त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. संमतीचं काम ज्या त्या विभागाकडं गेलं आणि अभ्यास भराभर पूर्ण व्हायला लागले. मी विभागप्रमुख झालो. माझ्या हाताखालचे डॉक्टर रुग्णाला कागद वाचून दाखवायचे, रुग्ण म्हणायचा तुम्ही म्हणाल तसं, आणि सही व्हायची. कुणाचं काही वाईट झालं नाही. निदान माझ्या कानावर आलं नाही. वॉर्डातून जाताना मला वद्दु ऐकू आलं की मी चालण्याचा वेग वाढवायचो.

सर पुढं बरीच वर्षं एकटे राहिले. मी त्यांना दुरून बघायचो, भाजी घेताना, बँकेच्या रांगेत. एकदा भाजीवालीशी त्यांचं भांडण चाललं होतं. ती मेथीची जुडी पिशवीत कोंबत होती आणि ते म्हणत होते, "मी नाही म्हटलंय, तुला ऐकू आलं ना?" ती हसत म्हणाली, "आलं की डॉक्टर, पर ताजी हाय, न्या." त्यांनी मेथी नेली. मी खांबाआड उभा होतो. त्या दिवशी पुढं होऊन बोलायचं असं घरून ठरवून निघालो होतो. नाही बोललो. असं कितीदा झालं.

ते गेल्यावर मात्र मला घरात बसवेना. अंत्ययात्रेतलं ते वाक्य डोक्यातून जाईना. निदान एका माणसापाशी तरी खरं बोलावं, जिला ते ऐकण्याचा हक्क आहे तिच्यापाशी, म्हणून मी सत्यव्वाचं घर शोधत गेलो. तरी पाऊल उचलायला काही वर्षं गेली; गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. विणकरांच्या वस्तीत आता बरेच माग बंद आहेत, पण एखाद्या गल्लीत अजून खडखडाट असतो. तिचं घर तशाच एका गल्लीत होतं.

ती दारातच बसली होती, टॉवेलांच्या कडांचे दोरे कापत. केस पांढरे झालेले. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "वळखलं मी."

तिनं आतून खुर्ची मागवली. सुनेनं प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. मी उंबऱ्याजवळ पाट होता त्यावर बसलो.

"वर बसा की. खुर्ची दिलीय न्हवं?"

"इथंच बरं आहे."

तिनं पाटाकडं बघितलं. मग म्हणाली, "ते उंच डॉक्टरबी असंच बसलं होतं. खाली."

"कोण?"

"तुमचंच की. स्टूल घेऊन फिरायचं ते. आमचं माणूस गेलं, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आलं होतं. मला म्हणालं, तू त्या दिवशी काय बोलली होतीस का? मी म्हटलं, वद्दु म्हटलं होतं. मग म्हणालं, तिथल्या डॉक्टरनं ऐकलं का?"

मागांचा आवाज चालू होता. मला घोटभर पाणी हवं होतं, पण मागवेना.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"ऐकलं म्हटलं. ऐकू आलं त्यांना. त्यांचा पेन थांबला होता. मी बघितलं की." तिनं एक दोरा कापला. "मग ते हात जोडून उठलं आणि गेलं. काय बोललं न्हाई."

चौकशी त्यानंतर झाली होती. म्हणजे त्या टेबलाशी समोर बसले होते तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. मी काय ऐकलं, काय ऐकून न ऐकल्यासारखं केलं, सगळं. मी पद्धतीप्रमाणे म्हणालो तेव्हाही. आणि व्हरांड्यात त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, की मला का विचारलं नाहीस.

सून पाणी देऊन गेली. मी सत्यव्वाला म्हणालो, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे. बरीच वर्षं राहिलंय. सांगू का?"

"माफी मागायलाव काय?"

मी मान हलवली.

तिनं कात्री खाली ठेवली. रागावलेली दिसत नव्हती. टॉवेलवर पडलेले दोरे तिनं हातानं एका बाजूला गोळा केले, त्यांची गोळी केली आणि मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "वद्दु."

माझ्या तोंडात ‘का’ हा शब्द आलाच होता. मला कारण हवं होतं. कारण मिळालं असतं तर त्याच्याशी झगडता आलं असतं, तिला काही समजावता आलं असतं, म्हातारपण पुढं करता आलं असतं. हात खिशाकडं गेला. पेन तिथं होता, त्याला टोपण लावलेलंच होतं. मी हात जोडले. पाटावरून उठायला वेळ लागला, गुडघे धरतात आता. तिनं आधार दिला नाही आणि मी मागितलाही नाही.

माझ्या चपला बाहेर उन्हात राहिल्या होत्या. मी पाय घालणार तोच ती बसल्या जागेवरून पुढं वाकली आणि कात्री उचलून तिच्या टोकानं त्या एकेक करून सावलीत ओढल्या. मग पुन्हा दोरे कापायला लागली.